हेडलाइटच्या आत पाणी साचतंय, काय करावं?

सावित्रीकाठ (१४ जुलै, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. मी महाडला राहतो. गाडी २०१७ ची हॅचबॅक, पेट्रोल, साधे हॅलोजन दिवे. आईच्या उपचारांसाठी दर पंधरा दिवसांनी पुण्याला जावं लागतं. पहाटे निघतो, पण तिथलं सगळं आटपून परतीला लागेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजतात. म्हणजे ताम्हिणी हमखास अंधारात आणि पावसात उतरायची. दिवा नीट नसेल तर आईला घेऊन त्या रस्त्याला लागायचीच धास्ती वाटते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात उजव्या हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरायला लागली. पावसाळा आहे, धरणारच, म्हणून सोडून दिलं. मग थेंब दिसायला लागले. परवा गाडी उतारावर लावली तेव्हा काचेच्या तळाशी पाणी एका कडेला सरकताना स्पष्ट दिसलं, अंगठ्याच्या पेराएवढं. त्याच दिवशी विळ्याच्या अलीकडे समोरून येणारा जो तो मला डिप्पर देत होता आणि मी तर लो बीमवरच होतो. घरी आल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून बघितली. डाव्या दिव्याच्या उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. उजव्याचा उजेड भिंतभर विस्कटलेला आणि समोर खाली, जिथे खड्डे दिसायला हवेत, तिथे नुसता पिवळट अंधार.

आतापर्यंत तीन सल्ले मिळालेत. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, 'पावसाळ्यात नॉर्मल आहे, आपोआप जाईल.' नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, खाली दोन भोकं पाडून देतो. तिसऱ्याने थेट नवीन असेंब्ली, म्हणजे अख्खा दिवाच, टाकायला सांगितली, आणि तो आकडा सध्याच्या औषधांच्या खर्चात बसणारा नाही.

मला एकच कोडं पडलंय. दोन्ही दिवे एकाच वयाचे, दोघांवर पाऊस तोच. मग डावा कोरडा ठणठणीत आणि उजव्यातच पाणी का? एप्रिलमध्ये उजवा बल्ब गेला होता, तो रस्त्यातच एका दुकानात बदलून घेतला होता. त्याचा काही संबंध असेल का?

चांदणवेल (१४ जुलै, रात्री ११:३२)

रुमाल टाकून ठेवते. आमच्या नव्या गाडीलाही हेच होतंय आणि तिथे तर एलईडी दिवे आहेत, बल्ब बदलायचा प्रश्नच नाही.

डोंगरदऱ्या (१५ जुलै, सकाळी ७:०५)

भोकं पाडायला हरकत नाही असं माझं मत. माझ्या जुन्या जीपच्या दिव्याला ३ एमएमचं ड्रिल मारून दोन भोकं पाडली होती. साचलेलं पाणी लगेच निघून गेलं. खर्च शून्य.

गॅरेजबंधू (१५ जुलै, दुपारी २:१५)

मी चिपळूणला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, वीस वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडं लांबेल.

डोंगरदऱ्या, राग मानू नका, पण भोकं पाडू नका आणि कुणाला सांगूही नका. भोकातून पाणी उतरतं हे खरं. पण पुढच्या चाकाचा चिखल, धूळ, किडे त्याच भोकातून वर चढतात. रिफ्लेक्टरवर जो चंदेरी थर असतो तो ॲल्युमिनियमचा, केसापेक्षाही कितीतरी पातळ. त्यावर एकदा मातकट वाफ बसली की तो काळवंडतो आणि मग दिवा कोरडा असला तरी उजेड पडत नाही. भोकं पाडलेले दिवे दोन-तीन पावसाळ्यांनी माझ्याकडेच येतात. तेव्हा असेंब्ली बदलण्याशिवाय माझ्या हातातही काही उरत नाही.

आता सावित्रीकाठ दादांचं. पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. हेडलाइट ही हवाबंद डबी नाही. कंपनीनेच तिला श्वास घ्यायला वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. मागच्या बाजूला बोटाएवढी वाकडी रबरी नळी असते, किंवा काळी छोटी टोपी, किंवा नव्या गाड्यांत पांढऱ्या पडद्याची टिकली. त्या टिकलीतून हवा आणि वाफ जाते, पाणी जात नाही. दिवा लावला की आतली हवा तापून बाहेर पडते, बंद केला की गार होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. दिवसातून जितक्या वेळा दिवा लावाल तितक्या वेळा हा श्वास चालतो.

तेव्हा थोडी वाफ धरणं खरंच नॉर्मल आहे. तुमचं सर्व्हिस सेंटर अर्धं बरोबर बोललं. पण बारीक धुकं, तेही काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा कडेला, दिवा लावून गाडी चालवल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत गेलं तर ते नॉर्मल. ओघळ, टपोरे थेंब, तळाला हलणारं पाणी, हे नॉर्मल नाही. ती गळती आहे.

आणि डावा कोरडा, उजव्यात पाणी, यातच तुमचं निम्मं उत्तर आलं. हवामानाचा दोष असता तर दोन्ही दिव्यांना आला असता.

माझ्याकडे असे दहा दिवे आले तर बहुतेकांत काच फुटलेली नसते. मागची रबरी टोपी नीट बसवलेली नसते. एच-४ बल्बच्या मागे रबराचं गोल बूट असतं, त्यातून बल्बच्या तीन पिना बाहेर येतात आणि त्यावर कपलर, म्हणजे वायरचा जोड, बसतो. रस्त्यात घाईघाईने बल्ब बदलणारा माणूस ते बूट अर्धवट दाबून कपलर लावून टाकतो. बुटावर बऱ्याचदा वरची बाजू दाखवणारी खूण असते, तीही बघत नाहीत. बुटाची ओठासारखी कड एका जागी जरी आत दुमडली तरी तिथून पाणी ओढलं जातं. तुमचा बल्ब एप्रिलमध्ये बदलला, पहिला मोठा पाऊस जूनमध्ये. मला तरी संशय तिथेच येतो.

दुसरं, १००/९० वॅटचे बल्ब कुणी टाकले असतील तर काढा. दिव्याचं सगळं गणित ६०/५५ वॅटवर बसवलेलं असतं. जास्तीच्या उष्णतेने हेच रबर कडक होऊन तडकतं, होल्डर वितळतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पडतो तो वेगळाच.

ओलावा (१५ जुलै, रात्री ९:४८)

गॅरेजबंधूंनी जे अनुभवाने सांगितलं त्यामागचा हिशेब मांडते. कऱ्हाडला पदार्थविज्ञान शिकवते, आणि हा प्रश्न नववीच्या मुलांनाही सुटेल असा आहे.

समजा हेडलाइटच्या आत ८ ते १० लिटर हवा मावते. आपल्याकडच्या जुलैत २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. १० लिटर म्हणजे घनमीटरचा शंभरावा हिस्सा. म्हणजे दिव्यातल्या सगळ्या हवेतली सगळी वाफ पिळून काढली तरी पाणी मिळणार पाव ग्रॅम. ड्रॉपरचे चार-पाच थेंब.

चार-पाच थेंब अख्ख्या काचेवर बारीक धुक्यासारखे पसरले की दिवा पांढरा दिसतो. बघायला भयंकर वाटतं, पण पाणी तेवढंच असतं. सावित्रीकाठ, तुमच्याकडे पेरभर पाणी आहे. श्वासाबरोबर रोज थोडी वाफ आत येते हे खरं, पण ती तितकीच बाहेरही जाते. हवेतून एवढं पाणी साचायचं नाही. ते पाणी म्हणूनच आत शिरलेलं आहे. शक्य असेल तर बाहेर काढताना मोजा.

आता वाफ काचेवरच का धरते? २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू जवळपास २६ अंश. काच फक्त दोन अंशांनी गार व्हायचा अवकाश, दव पडलंच. घाटातल्या पावसाचं पाणी काचेवर सतत ओघळत असतं, त्याला दोन अंश म्हणजे काहीच नाही. मागचा भाग इंजिनाच्या उबेत असतो, म्हणून तो कोरडा आणि पुढची काच ओली.

अजून एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आतली हवा ३० अंशांवरून ६० वर गेली तर ती जवळपास दहा टक्के फुगते. म्हणजे दिवा तापताना लिटरभर हवा बाहेर जाते आणि गार होताना तेवढीच आत यायला बघते. ब्रीदर मोकळा असेल तर ती तिथून येते. ब्रीदर बुजलेला असेल तर? ओढ तर कमी होत नाही. मग ती जिथे फट सापडेल तिथून आत येते, आणि त्या फटीच्या तोंडावर पाणी असेल तर हवेच्या आधी पाणी ओढलं जातं. तापलेला दिवा घाटात एकदम पावसाखाली आला की हेच घडतं. म्हणून सगळीकडून सील करणं हा उपाय उलटा पडू शकतो.

मांडवीतीर (१५ जुलै, रात्री १०:२०)

ओलावा ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी स्वतः भोगलाय. मी पणजीचा, गाडी उघड्यावर, समुद्र समोर. दोन वर्षांपूर्वी वाफ धरायला लागली म्हणून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि दिव्याला मागून पुढून जिथे म्हणून सांधा दिसला तिथे भरली. ब्रीदरची नळी पण बंद केली, मला वाटलं पाणी तिथूनच येतंय. पंधरा दिवसांत आधी होतं त्याच्या दुप्पट पाणी. वर आतला रिफ्लेक्टर पांढरा पडला, चुना लावल्यासारखा. ते का झालं हे आजवर कळलेलं नाही.

गॅरेजबंधू (१६ जुलै, सकाळी ८:३०)

मांडवीतीर, तुमच्या सिलिकॉनला आंबट, व्हिनेगरसारखा वास होता का?

मांडवीतीर (१६ जुलै, सकाळी ८:४१)

हो! दोन दिवस गाडीला वास येत होता.

गॅरेजबंधू (१६ जुलै, दुपारी १:५०)

मग तेच कारण. साधं बाथरूमचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिडची वाफ सोडतं. ती आत कोंडली की रिफ्लेक्टरचा चंदेरी थर खाऊन टाकते. हेडलाइटजवळ काही लावायचंच झालं तर वास नसलेलं, न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन घ्यायचं आणि दिव्याची तोंडं बंद करायच्या आधी पूर्ण चोवीस तास सुकू द्यायचं. काच आणि दिव्याच्या मागच्या खोक्याच्या सांध्यात मुळात ब्युटिल असतं, तो काळा चिकट डिंक. तो गरम केला की मऊ होतो आणि परत बसवता येतो. काही नव्या दिव्यांत मात्र कडक होणारा गोंद असतो, तिथे काच उघडायला गेलं की तुटतेच. म्हणून काच उघडणं हा घरी करायचा उद्योग नाही.

समुद्राजवळच्यांनी कपलर पण काढून बघा. पिनांवर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर दिसला तर उजेड त्यानेही कमी होतो.

चांदणवेल (१६ जुलै, दुपारी ३:१५)

पायातल्या बुटांच्या डब्यात येतात त्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून ठेवल्या तर? एका व्हिडिओत बघितलं.

ओलावा (१६ जुलै, रात्री ८:०५)

दिवा काढून सुकवताना वापरायला चांगल्या, कायमच्या आत ठेवायला नाहीत. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढंच पाणी धरतं आणि मग थांबतं. दिवा रोज बाहेरची दमट हवा घेणार, म्हणजे पुडी काही दिवसांतच भरणार. भरलेली पुडी दिवा तापला की पाणी परत सोडते. त्यात हॅलोजन बल्बची काच शेकडो अंशांवर तापते, सुटलेली पुडी तिच्यावर जाऊन टेकली तर वितळेल. रंग बदलणारं निळं जेल असेल तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, लहान मुलांपासून लांब ठेवा.

उपनगरी (१६ जुलै, रात्री १०:३०)

चांदणवेल, तुमची गाडी वॉरंटीत आहे ना? मग हात लावू नका, काही उघडू नका. माझाही एलईडी दिवा होता, ठाण्यात. दोनदा 'नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी मी वेगळं केलं. सकाळी दिवा लावून दर दहा मिनिटांनी फोटो काढले, एका चौकटीत काच आणि गाडीतलं घड्याळ येईल असे. तासाभरानंतरही थेंब तसेच होते. दुसऱ्या दिवशी कोरडा दिवा आणि ओला दिवा शेजारी शेजारी दाखवणारा फोटो घेतला. तक्रार तोंडी न सांगता जॉबकार्डवर लिहून घेतली: 'एक तास दिवा चालू ठेवूनही पाणी जात नाही, फक्त डाव्या बाजूला.' मॅनेजरने फोटो बघितले आणि आठवड्यात दिवा बदलून आला. जॉबकार्डवर लिहायला तयार नसतील तर ईमेल करा. पुढे गरज पडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच, पण तिथेही लेखी काहीतरी हातात लागतं.

हिमवर्षा (१७ जुलै, पहाटे ४:२०)

डेट्रॉइटजवळून लिहितेय. एलईडीबद्दल एक भर. हॅलोजन बल्ब पुढे उष्णता फेकतो, त्यामुळे काच आपोआप सुकते. एलईडीची उष्णता मागे धातूच्या पट्ट्यांकडे जाते आणि काच गारच राहते. आमच्याकडे हिवाळ्यात हे फार जाणवतं, जुन्या गाडीच्या दिव्यावरचा बर्फ वितळायचा, नवीनच्या दिव्यावर साचून राहतो आणि उतरून हाताने काढावा लागतो. त्यामुळे एलईडी दिव्यातली वाफ जायला हॅलोजनपेक्षा जास्त वेळ लागतो. नुसत्या धुक्याला अर्ध्या तासाची अट लावून घाबरू नका. पण थेंब आणि ओघळ म्हणजे तिथेही गळतीच.

डोंगरदऱ्या (१७ जुलै, सकाळी ७:४०)

गॅरेजबंधू, राग कसला. तुमचं वाचून जीपचा दिवा उघडून बघितला. रिफ्लेक्टरचा खालचा अर्धा भाग तपकिरी झालाय. मला वाटायचं जुनी गाडी, उजेड कमी असणारच. माझा सल्ला मागे घेतो.

एलईडीचं निघालंच आहे तर विचारतो. हॅलोजनच्या जागी बाजारात मिळणारे एलईडी बल्ब टाकले तर?

गॅरेजबंधू (१७ जुलै, दुपारी २:०५)

नका टाकू. त्याच्या मागे पंखा असतो, रबरी बूट बसत नाही. मग बसवणारा बूट कापतो नाहीतर काढूनच फेकतो. पाण्याला सरळ दरवाजा उघडा. शिवाय हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तो उजेड भलतीकडेच फेकला जातो.

सावित्रीकाठ (१८ जुलै, रात्री ९:५५)

मंडळी, आज रविवार, दिवा काढला. सापडलं. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. बंपर पूर्ण काढावा लागला नाही, एक बाजू सैल केल्यावर दिवा तीन बोल्ट सोडून पुढे आला. हातात घेतल्याबरोबर आत पाणी डुचमळलं. मागून कपलर काढला आणि टॉर्च मारून बूट बघितलं. गॅरेजबंधू, तुम्ही म्हणालात तसंच, अगदी तसंच. बुटाची कड घड्याळात सात वाजतात त्या जागी आत दुमडलेली, साधारण दोन बोटं लांबीची. दुमडीच्या आत चंद्रकोरीसारखी गाळाची रेघ बसलेली, तांबूस, आमच्या रस्त्यावरच्या मातीच्या रंगाची. म्हणजे चाकाने उडवलेलं पाणी तिथूनच जात होतं. वरची खूण बघितली तर ती पाच वाजतात तिथे, म्हणजे बूट जवळजवळ उलटं बसवलेलं.

पण खरं आश्चर्य पुढेच आहे. ओलावा ताईंनी ब्रीदरचं लिहिलं होतं म्हणून नळी शोधली. वरच्या कोपऱ्यात बोटाएवढी वाकडी रबरी नळी आहे. तिच्यात फुंकर मारली तर हवा जाईना. काढून टोकाशी बघितलं तर तोंड मातीने लिंपलेलं. वाळलेली, गुळगुळीत, वर्तुळाकार बोटं फिरवल्यासारखी माती. टाचणीने फोडली तर आत एक कोश. कुंभारीण माशीने घर केलं होतं! मे महिन्यात गाडी महिनाभर जागेवर उभी होती, आई दवाखान्यात दाखल होती तेव्हा. तेव्हाच केलं असणार. डाव्या दिव्याची नळी बघितली, ती मोकळी.

म्हणजे उजव्या दिव्याला श्वासाची वाट बंद, आणि खाली दुमडलेली फट उघडी. ताम्हिणीत तापलेल्या दिव्यावर पाऊस पडायचा, दिवा जोरात श्वास ओढायचा आणि नेमक्या त्या फटीवर चाकाचं पाणी उडत असायचं.

पाणी मोजलं. आईच्या औषधाची १० मिलीची सिरिंज होती, तिने ओढून काढलं. तीन पूर्ण आणि चौथी निम्म्याहून थोडी जास्त. ३६ मिली. पाव ग्रॅम कुठे आणि ३६ मिली कुठे!

आता दोन प्रश्न. सुकवू कसा? इथे ऊन नाही. आणि रिफ्लेक्टरच्या खालच्या बाजूला पाणी साचलं होतं तिथे पुसट रेघ राहिलीय, ती मऊ कपड्याने पुसू का?

गॅरेजबंधू (१८ जुलै, रात्री १०:२०)

पुसू नका! कापूस, कापड, बोट, काहीही लावू नका. तो थर हातानेच निघून येतो. पुसट रेघेने उजेडात फरक पडणार नाही, पुसल्याने पडेल.

सुकवायला हेअर ड्रायर चालेल, पण कोमट झोतावर आणि वीतभर अंतरावरून, बल्बच्या भोकातून. एका जागी झोत धरू नका, प्लास्टिक वाकतं. एक तोंड हवा आत जायला, दुसरं बाहेर यायला, म्हणून ब्रीदरची नळी काढलेलीच ठेवा. घरात एसी असेल तर रात्रभर त्या खोलीत तोंडं उघडी ठेवून राहू द्या, एसीची हवा कोरडी असते. बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलं तर स्पिरिटने पुसा, तेलकट डाग राहिला की तिथेच काच जास्त तापून बल्ब जातो.

आणि बसवण्याआधी एक परीक्षा घ्या. नवीन बूट घाला, एक सोडून बाकी ब्रीदर बोटाने बंद करा, उरलेल्या नळीतून तोंडाने हलकेच हवा भरा. कॉम्प्रेसर लावू नका, सांधा उघडेल. काचेच्या सांध्याभोवती आणि बुटाच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तिथे गळती.

सावित्रीकाठ (१९ जुलै, रात्री ८:३०)

शेजाऱ्यांकडे एसी आहे. त्यांनी दिवा रात्रभर त्यांच्या खोलीत ठेवू दिला, सिलिका जेलच्या आठ-दहा पुड्याही टाकल्या होत्या, सकाळी मोजून बाहेर काढल्या. काच आरशासारखी झालीय. नवीन बूट शंभराच्या आत मिळालं. साबणाची परीक्षा घेतली, सांध्याला कुठेही बुडबुडा नाही. बूट बसवताना कड बोटाने चहूकडून फिरवून बघितली, खूण वर. नळीच्या तोंडाला पुन्हा माशी शिरू नये म्हणून बारीक जाळी बांधू का?

गॅरेजबंधू (१९ जुलै, रात्री ९:१०)

जाळीत चिखल अडकतो आणि वाट पुन्हा बंद होते. नळीचं तोंड खाली राहील अशी बसवा, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की एकदा फुंकर मारून बघा. वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरचा फवारा दिव्याच्या सांध्यावर आणि बोनेटच्या आत मागून मारू नको. दिवा तापलेला असताना तर मुळीच नको.

मांडवीतीर (१९ जुलै, रात्री ९:४५)

माझा दिवा बाहेरून पण पिवळा झालाय. तोही ओलाव्यानेच?

ओलावा (१९ जुलै, रात्री १०:००)

नाही, ते उन्हाने. काच म्हणतो ती खरं तर पॉलिकार्बोनेट असते, वरचं संरक्षक आवरण गेलं की अतिनील किरणांनी ती पिवळी आणि खडबडीत होते. बारीक पॉलिश पेपरने घासून निघते, पण वर नवीन अतिनीलरोधक थर दिला नाही तर काही महिन्यांत परत तेच. टूथपेस्टने तर आठवडाभरच बरं दिसतं.

चांदणवेल (२४ जुलै, सायंकाळी ६:२०)

उपनगरी यांनी सांगितलं तसे फोटो काढले, जॉबकार्डवर लिहून घेतलं. त्यांनी झारीने पाण्याची चाचणी घेतली, वरच्या सांध्यातून पाणी आत येताना दिसलं. दिवा मागवलाय, लेखी मिळालंय.

सावित्रीकाठ (२८ जुलै, रात्री ११:४०)

आत्ताच पुण्याहून आलो. मुळशीच्या पुढे पाऊस एवढा की वायपर पुरेना. घाट उतरून विळ्याला चहाला थांबलो तेव्हा मुद्दाम खाली उतरून बघितलं. उजव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढं बारीक धुकं होतं, डाव्यालाही तेवढंच. निजामपूर गाठेपर्यंत दोन्ही साफ. थेंब एकही नाही. समोरून कुणी डिप्पर दिला नाही. आई मागच्या सीटवर अख्खा घाटभर झोपली होती, ती थेट माणगावला जागी झाली.